तीस हजार युरोंचा कागद

तळोद्याहून धडगावकडे निघाले की चांदसैलीचा घाट लागतो. घाटापलीकडच्या काही पाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूला बांधलेल्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्याही पलीकडे, नर्मदेच्या काठच्या गावांसाठी, तरंगता दवाखाना फिरतो. आजारपणात औषधाइतकाच आजाऱ्याला हलवण्याचा प्रश्न मोठा असतो, हे या भागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. युरोपच्या व्हिसासाठी मागितला जाणारा प्रवास विमा याच प्रश्नावर उभा आहे. परक्या मुलखात माणूस आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेणार कोण, बिल भरणार कोण आणि वेळ आलीच तर घरी आणणार कोण?

मुलगा म्युनिकला किंवा आइंडहोव्हनला नोकरीला आहे, सुनेचे बाळंतपण आहे, म्हणून आई-वडिलांनी दोन-तीन महिने तिकडे जायचे, ही गोष्ट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय तळोद्यातच आहे आणि हा विभाग परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. केळी-पपई पिकवणाऱ्यांसाठी कृषी विभागाचे परदेश अभ्यास दौरे असतात. शिवाय केसरी, वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या कंपन्यांच्या युरोप सहली आहेतच. 2024 मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी 11 लाखांहून जास्त अर्ज गेले. चीन आणि तुर्कस्ताननंतर जगात तिसरा क्रमांक आपला. त्यातले सुमारे 15 टक्के अर्ज नाकारले गेले.

या प्रत्येक फायलीत विम्याचा कागद असतो आणि तो दोनदा तपासला जाऊ शकतो. पहिल्यांदा व्हिसाच्या खिडकीवर, आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर दुसऱ्यांदा तिकडच्या दवाखान्याच्या काउंटरवर. पहिल्या ठिकाणी पास झालेला कागद दुसऱ्या ठिकाणी नापास होऊ शकतो. बहुतेकांची तयारी मात्र पहिल्या परीक्षेपुरतीच असते.

नियम आला कुठून

शेंगेन हे लक्झेंबर्गमधले, मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसातली सीमा-तपासणी कमी करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला 26 मार्च 1995 उजाडले. आज या क्षेत्रात 29 देश आहेत. क्रोएशिया 2023 च्या आरंभी आला, बल्गेरिया आणि रुमानिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे सामील झाले. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. उलट स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन दोन्हींत नाही. ही यादी भूगोलाच्या हौसेसाठी दिलेली नाही, विमा घेताना तिच्यावाचून घोटाळा होतो.

सुरुवातीची काही वर्षे विम्याची अट सगळीकडे सारखी नव्हती. विमा नसलेले पाहुणे आजारी पडत, उपचार घेऊन निघून जात आणि बिल तिथल्या सरकारी दवाखान्यांच्या माथी बसे. ही गळती थांबवण्यासाठी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने 22 डिसेंबर 2003 रोजी निर्णय घेतला आणि 1 जून 2004 पासून किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक झाला. पुढे 2009 मध्ये व्हिसाचे सगळे नियम एका संहितेत आले आणि विम्याची अट तिच्या 15 व्या कलमात गेली.

ती संहिता 5 एप्रिल 2010 ला लागू झाली. दहाच दिवसांत आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद केले आणि हजारो प्रवासी विमानतळांवर अडकले. ठरलेल्या तारखेला परत येता आले नाही तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढते का, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पहिल्यांदा पडला असेल. आज बऱ्याच पॉलिसींत अशी मुदतवाढ असते, पण ती ठरावीक दिवसांचीच आणि ठरावीक कारणांसाठीच.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, हा नियम मुळात यजमान देशाच्या तिजोरीसाठी केलेला आहे. त्यातून प्रवाशाचे भले होतेच, पण ते दुय्यम. दुसरे म्हणजे, 30,000 हा आकडा 2004 पासून तसाच आहे. तेव्हा युरो पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम सोळा-सतरा लाख होई. आज ती तीस लाखांच्या घरात जाते. रुपयांत जवळपास दुप्पट झालेली ही रक्कम युरोत तसूभरही हललेली नाही, आणि दवाखान्याचे बिल युरोतच येते.

नियम काय म्हणतो

पंधरावे कलम फार मोठे नाही. मुक्कामात तातडीचे उपचार, दवाखान्यात दाखल होणे, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणे आणि मृत्यू या चार प्रसंगांतला खर्च विम्यात आला पाहिजे. विमा सगळ्या शेंगेन देशांत चालला पाहिजे. प्रवास फक्त फ्रान्सचा असला तरी फक्त फ्रान्सपुरता विमा चालत नाही. मुक्कामाचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत. आणि रक्कम किमान 30,000 युरो हवी.

विमा शक्यतो राहत्या देशातच घ्यावा असे कलम सांगते, म्हणजे भारतीय कंपनीची पॉलिसी चालते. दुसऱ्या कुणी, समजा तिकडच्या मुलाने, आई-वडिलांच्या नावे विमा काढला तरी चालतो, अटी त्याच. मात्र कंपनीकडून युरोपात पैसे वसूल होऊ शकतील की नाही, हे पाहण्याचा अधिकार वकिलातीला आहे. काही वकिलाती चालणाऱ्या कंपन्यांची यादीच देतात. अर्ज ज्या देशाचा, त्याची यादी आधी पाहावी.

अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मागणाऱ्याने पहिल्या फेरीचा विमा दाखवायचा असतो. पुढच्या फेऱ्यांना विमा लागतो हे मला माहीत आहे, अशी सही अर्जावर असते. ही सही भारतीयांसाठी आता जास्त महत्त्वाची झाली आहे. एप्रिल 2024 पासून, आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरलेल्या भारतीयाला दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची सोय झाली. व्हिसा पाच वर्षांचा आणि विमा पहिल्या पंधरा दिवसांचा, अशी स्थिती मग सहज येते. दुसऱ्या फेरीला कुणी खिडकीवर बोलावत नाही, म्हणून विमा राहून जातो. जबाबदारी मात्र सही करणाऱ्याचीच राहते.

सवलती मोजक्या आहेत. राजनैतिक पासपोर्टधारकांना अट नाही. कामामुळेच विम्याचे संरक्षण असलेल्या दर्यावर्दींना सूट मिळू शकते. कोकणातल्या बोटीवाल्यांना ती ठाऊक असते, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा उपयोग नाही.

खिडकीवर अडते कुठे

तळोद्याचा माणूस हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार गाठतो, तिथून सुरतमार्गे मुंबई. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला तिथल्या व्हिसा केंद्रात स्वतः जावे लागते. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात. व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. एका चुकीच्या कागदासाठी पुन्हा एवढी फेरी म्हणजे वृद्ध आई-वडिलांना शिक्षाच. पुरेसा आणि वैध विमा नसणे हे संहितेत अर्ज नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे.

चुका बहुधा साध्या असतात. भारतीय पॉलिसी डॉलरमध्ये विकल्या जातात आणि 30,000 डॉलर म्हणजे 30,000 युरो नव्हेत. म्हणून 50,000 डॉलरची पॉलिसी घेण्याचा प्रघात पडला आहे, तो बरोबर आहे. दुसरी चूक दिवसांची. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही मुक्कामात धरले जातात. व्हिसावर पंधरा दिवसांची जादा मुदत दिसते, ती प्रवास पुढे-मागे झाला तर सोय म्हणून दिलेली असते. नियमाप्रमाणे विमा प्रत्यक्ष मुक्कामाचा पुरतो. तरी परतीचे विमान हुकू शकते, म्हणून चार-आठ दिवस जास्तीचे घेतलेले शहाणपणाचे.

तिसरी चूक प्रदेशाची. फक्त शेंगेनसाठी काढलेली पॉलिसी लंडनमध्ये चालत नाही. मराठी सहलींत लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड ही फेरी नेहमीची आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला विमा लागत नाही म्हणून कुणी त्याबद्दल विचारतही नाही. अशा प्रवासाला जागतिक पॉलिसी घ्यावी.

चौथी चूक आपल्या भागात विशेष होते, ती नावाची. पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे इंग्रजीत लिहिताना शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे स्पेलिंग असते. पॉलिसीवर पासपोर्टवरचेच हवे, एका अक्षराच्या फरकाशिवाय. जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबरही पासपोर्ट समोर ठेवूनच भरावा, ऑनलाइन सेंटरवाल्याला तोंडी सांगून नव्हे.

पाचवी गोष्ट चूक नव्हे, लबाडी. एडिट केलेले सर्टिफिकेट लावणारे एजंट असतात. पॉलिसी नंबर कंपनीकडे तपासणे आता सोपे आहे. बनावट कागद सापडला तर अर्ज जातोच, पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. आणि हे कशासाठी, तर तरुण माणसाच्या दोन आठवड्यांच्या पॉलिसीचा प्रीमियम बहुधा दोन हजारांच्या आत असताना!

दवाखान्याच्या काउंटरवर

इथून पुढचा भाग खिडकीवर कुणी तपासत नाही. नियम 30,000 युरो म्हणतो, पण पॉलिसीच्या आतल्या पानांवर त्या रकमेला कुठे कुठे कात्री लावली आहे, हे व्हिसा अधिकारी सहसा उघडून पाहत नाही.

पहिली कात्री वयाची. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी अनेक पॉलिसींत खोलीचे भाडे, आयसीयू, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी यांना वेगवेगळी मर्यादा असते. वर 50,000 डॉलर छापलेले असले तरी शस्त्रक्रियेला त्यातले काही हजारच मिळतात. प्रीमियम थोडा जास्त भरून अशा मर्यादा नसलेली पॉलिसी मिळू शकते, पण ती मागावी लागते. स्वस्तातली पॉलिसी शोधणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर ती यादीच्या तळाशी असते.

दुसरी कात्री पूर्वीपासूनच्या आजारांची. आई-वडिलांच्या पिढीत शुगर-बीपी घरोघरी. प्रपोजल फॉर्मवर त्याचा प्रश्न असतो आणि ‘नाही’ लिहिले की प्रीमियम कमी दिसतो. मग तिकडे छातीत दुखले, डॉक्टरांनी दहा वर्षांच्या बीपीची नोंद केली, की क्लेम नाकारायला कंपनीला तेवढे पुरते. खरे सांगूनही अनेक पॉलिसी अशा आजाराचा फक्त जिवावर बेतलेला प्रसंग धरतात आणि तोही धोका टळेपर्यंतच. पुढचे उपचार खिशातून. तरीही खरेच लिहावे. मिळेल ते निदान वादाविना मिळेल.

नंदुरबार जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण राज्यात जिथे जास्त आहे, अशा भागांत हा जिल्हा मोडतो. जुलै 2023 मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि घरोघरी तपासण्या झाल्या. त्यामुळे शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलामुलींना आपण वाहक आहोत की रुग्ण, हे आता तपासणीनंतर मिळालेल्या कार्डावरून कळते. वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्णाला मात्र लांबचा विमानप्रवास, पाणी कमी पिणे आणि युरोपातली थंडी, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. विम्याच्या भाषेत हाही पूर्वीपासूनचाच आजार. म्हणून अशा प्रवाशाने आजार जाहीर करून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ ठेवावे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. लेखी उत्तर नकाराचे आले तर दुसरी कंपनी पाहता येते. काहीच न विचारता गेले तर तीही वाट उरत नाही.

बाकीच्या कात्र्या लहान, पण नेहमीच्या. क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम, बहुधा शंभर डॉलरच्या आसपास, प्रवाशाने सोसायची असते. दातांचे उपचार फक्त तातडीच्या वेदनेपुरते. बाळंतपणाचा खर्च सहसा नाही. आल्प्समध्ये बर्फावरच्या खेळात पाय मोडला तर तो खेळ पॉलिसीत असेल तरच पैसे मिळतात. आणि दारूच्या अमलाखाली झालेला अपघात कुठलीच कंपनी सहसा धरत नाही.

एक गैरसमजही दूर करायला हवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड परदेशात चालत नाही. घरातला नेहमीचा मेडिक्लेमही बहुधा भारतापुरता असतो. क्रेडिट कार्डाबरोबर आलेला विमा व्हिसासाठी दाखवायचा असेल तर त्याचे रकमेसह, प्रदेशासह आणि तारखांसह पत्र लागते.

शिकायला, कामाला जाणाऱ्यांचे गणित वेगळे

वरचे सगळे 90 दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचे. त्याहून जास्त राहणाऱ्यांना त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि तिथे नियम देशागणिक बदलतो. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत 2023-24 मध्ये 49 हजारांहून जास्त भारतीय होते, सर्वांत मोठा गट. तिथे शिकणाऱ्याला आरोग्य विमा असल्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही आणि तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा व्यवस्थेत सवलतीच्या दराने घेतले जाते. प्रवास विमा फक्त उतरल्यापासून ही नोंद होईपर्यंतचे दिवस भरून काढतो. त्यावर वर्षभर भागवू पाहणारा विद्यार्थी अडचणीत येतो, कारण प्रवास विमा तातडीपुरता असतो, रोजच्या दुखण्याखुपण्याला नव्हे.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी तरुण पाठवण्याची त्यात कल्पना आहे. आयटीआय झालेला आपल्या भागातला मुलगा या वाटेने गेला तर नोकरीबरोबर तिथला आरोग्य विमा सुरू होतो. मधल्या दिवसांचा विमा कोण काढणार, हे मात्र नेमणुकीच्या कागदातच विचारून घ्यावे.

आजारी पडल्यावर आणि परतल्यावर

युरोपात तातडीचा नंबर 112, आपल्याकडेही तोच. ॲम्ब्युलन्स आली की दुसरा फोन पॉलिसीवर छापलेल्या असिस्टन्स कंपनीला. दाखल होण्याआधी, निदान चोवीस तासांत, कळवले तर कॅशलेसची शक्यता असते. न कळवता बिल भरले तर मागाहून वसुलीची खटपट. प्रत्येक बिल, तपासणीचा रिपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी जपावी.

आणखी एक नवी गोष्ट. क्लेमसाठी पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के मागितले जात. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद सुरू झाली आणि शिक्क्यांची प्रथा मागे पडत आहे. म्हणून बोर्डिंग पास फेकू नयेत.

क्लेम नाकारला किंवा लटकवला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही तर विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात जावे लागते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो. म्हणजे बिल पॅरिसचे आणि कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले, तरी तळोद्याचा माणूस नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची.

व्हिसाच नाकारला गेला तर? मुदत सुरू होण्याआधी नकाराचे पत्र दाखवले की बहुतेक कंपन्या थोडी रक्कम कापून प्रीमियम परत देतात. तेवढ्यासाठी ते पत्र जपून ठेवावे.

एकूण पाहता

युरोपची ही अट जाचक आहे का? नव्हे. व्हिसाच्या फायलीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा कागद हाच असतो. बँक स्टेटमेंट किंवा नोकरीच्या पत्रासारखी त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला फारशी जागा नाही. रक्कम, दिवस, प्रदेश आणि नाव जुळले की काम झाले. दोष असलाच तर तो असा, की नियम किमान आकडा सांगून थांबतो आणि त्या आकड्याला आतून लागलेल्या कात्र्यांबद्दल बोलत नाही. वीस वर्षांत न बदललेला तो आकडा वाढवण्याचा विचार युरोपने करावा, आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीवर उपमर्यादा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती आपल्या विमा नियामकाने करावी. यातली दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे.

तोवर एवढे करावे. आई-वडिलांना पाठवणाऱ्या घराने प्रवासाच्या महिनाभर आधी पॉलिसीची सगळी पाने, फक्त पहिले नव्हे, डोळ्यांखालून घालावीत. न कळलेल्या प्रत्येक अटीचे उत्तर कंपनीकडून ईमेलवर मागवावे. मग पॉलिसीच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक प्रवाशाच्या पिशवीत आणि एक तळोद्याच्या घरी. मध्यरात्री तिकडून फोन आला तर नंबर शोधणारे माणूस बहुधा इकडेच असते.